मोटारखान्यांत मावणारी होडी

अमेरिकेच्या उत्तर सरहद्दीवरील मिनेसोटा हें राज्य सरोवरांचें राज्य म्हणून प्रसिद्ध आहे. दहा एकर व त्याहून मोठीं अशीं ११,८४२ सरोवरें त्या एका राज्यांत मोजलेलीं आहेत. हिवाळ्यांत हीं सरोवरें इतकीं घट्ट गोठतात कीं त्यांच्या पाठीवरून मोटारी धांवतात. वसंतांत बर्फ फुटतें, मे महिन्यांत वॉलाय नांवाच्या चविष्ट माशाचा हंगाम उघडतो, आणि ज्या गृहस्थानें सबंध हिवाळा शेकोटीपाशीं बसून होड्यांचीं सचित्र सूचिपत्रें चाळण्यांत घालविला, तो अखेर होडी विकत घेण्यास निघतो. तो कोळी नसतो; कचेरींत नाहींतर कारखान्यांत काम करणारा, शहराच्या उपनगरांत राहणारा, दोन मुलांचा बाप असतो. सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन पाण्यावर जावें, चार मासे मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी दिवस वायां गेला असें म्हणूं नये, एवढीच त्याची अपेक्षा.

परंतु ह्या साध्या अपेक्षेच्या वाटेवर एक अडचण उभी असते. होडी सरोवरांत राहत नाहीं; ती घरीं राहते. वर्षाचे बावन्न आठवडे घेतले तर त्यांतील पन्नास आठवड्यांइतका काळ ती जमिनीवरच असते. उघड्यावर ठेविली तर तिच्यांत पावसाचें पाणी सांचतें, बर्फाच्या भारानें वरचें कापड फाटतें, आसनांखालीं उंदीर घरटीं करितात, आणि उन्हानें दोर व गाद्या कुजतात. शिवाय अनेक नगरपालिका व वसाहतींच्या संस्था घरापुढील अंगणांत होडी उभी करण्यास मनाई करितात. म्हणून मोटारखाना, म्हणजे घराला जोडलेलें गॅरेज, हेंच तिचें खरें बंदर. सरोवर म्हणतें, होडी लांब असावी. मोटारखाना म्हणतो, आंखूड असावी. आणि तिच्यांत बसणारीं माणसें तिसरीच गोष्ट सांगत असतात. ह्या तिघांचें एकमत करणें म्हणजेच होडीची निवड करणें होय.

अशी होडी बहुधा अ‍ॅल्युमिनियमचीच कां असते, हें प्रथम पाहिलें पाहिजे. ज्या धातूच्या पातेल्यांना आपल्याकडील स्वयंपाकघरांत ‘जर्मन’ म्हणण्याचा प्रघात आहे, तोच हा धातु. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो इतका दुर्मिळ होता कीं त्याची गणना मौल्यवान धातूंत होई. १८८६ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्यें पॉल एरू ह्या दोन तरुणांनीं, एकमेकांची दाद नसतांना, विजेच्या साह्यानें हा धातु वेगळा करण्याची एकच रीत शोधून काढली, आणि त्याची किंमत झपाट्यानें उतरली. होडीच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण हलकेपणाचा. सारख्या आकाराच्या पोलादाशीं तुलना केली तर त्याचें वजन जेमतेम एक तृतीयांश भरतें. दुसरा गुण असा कीं, हवा लागतांच त्याच्या अंगावर स्वतःच्याच भस्माचा एक अतिसूक्ष्म पण चिवट थर चढतो, व आंतील धातु त्या थराच्या आड सुरक्षित राहतो. म्हणून गोड्या पाण्याच्या सरोवरांत अशी होडी रंगाशिवायही वर्षानुवर्षें टिकते.

तरीही घरगुती होडीसाठीं हा धातु सर्रास वापरांत आला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच. आरमारासाठीं लढाऊ विमानें बांधणाऱ्या ग्रमन कंपनीचे एक अधिकारी विल्यम हॉफमन हे १९४४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील अ‍ॅडिरॉनडॅक पर्वतांत होडी घेऊन भटकण्यास गेले होते. तेथें एका सरोवरांतून दुसऱ्यांत जावयाचें तर होडी खांद्यावर वाहून न्यावी लागते. लांकूड व किंतान यांच्या त्या भारी होडीखालीं चालतांना, विमानाच्या पत्र्याची होडी कां करूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला. आणि युद्ध संपतें न संपतें तोंच कंपनीनें अशा होड्या बाजारांत आणिल्या. १९४८ सालीं मिनेसोटांतील न्यूयॉर्क मिल्स ह्या लहानशा गांवीं हॉवर्ड लुंड ह्यांनीं अ‍ॅल्युमिनियमच्या मासेमारी होड्यांचा धंदा सुरू केला, तो आजही चालू आहे. विमानासाठीं सिद्ध झालेली पत्रे वांकविण्याची व रिवेट मारून जोडण्याची विद्या अशा रीतीनें मासे धरणाऱ्याच्या उपयोगीं पडली.

आतां निवडीकडे वळावें. शहाणा गृहस्थ दुकानांत जाण्यापूर्वीं मोजपट्टी घेऊन आपल्याच मोटारखान्यांत जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. अमेरिकेंत एका गाडीचा मोटारखाना साधारणपणें १२ फूट रुंद व २० ते २२ फूट खोल असतो. त्याचें दार ८ किंवा ९ फूट रुंद व ७ फूट उंच असतें. परंतु कागदावरचे २० फूट जागेवर २० भरत नाहींत. भिंतींची जाडी वजा होते, घरांत जाण्याची पायरी पुढें आलेली असते, एका कोपऱ्यांत पाणी तापविण्याचा बंब असतो, मागील भिंतीला फळ्या असतात. शिवाय दार मिटण्यास व माणसास होडीच्या भोंवतीं फिरण्यास कांहीं जागा लागतेच. म्हणून २० फुटांच्या मोटारखान्यांत प्रत्यक्ष हातीं येणारी लांबी १८ ते १९ फूट इतकीच समजावी. उंचीही दाराशींच मोजून भागत नाहीं. वर सरकणाऱ्या दाराचे रूळ व तें उघडणारें यंत्र आंतील छताखालीं किती खालीं येतें, हेंही पाहावें लागतें.

ह्या मापाशीं ताडून पाहावयाची ती सूचिपत्रांत छापलेली होडीची लांबी नव्हे. १४ फुटी होडी म्हणजे केवळ होडीचें अंग १४ फूट. ती ज्या दोन चाकांच्या ट्रेलरवर बसते त्याचा दांडा नाळेच्या पुढें दोन-तीन फूट जातो, आणि पिछाडीस टांगलेलें यंत्र वर उचलून ठेविलें कीं तें मागें दीड-दोन फूट येतें. म्हणजे १४ फुटी होडी जमिनीवर साडेसतरा ते एकोणीस फुटांची होते, व १६ फुटी होडी साडेएकोणीस ते एकवीस फुटांची. पहिली वीस फुटी मोटारखान्यांत कशीबशी जाते. दुसरीचें नाक दाराबाहेर राहतें. हौसेच्या भरांत १६ फुटी होडी आणून, मग गाडी रस्त्यावर व होडी अर्धी पावसांत, अशी अवस्था करून घेणारे पुष्कळ आहेत.

तथापि अशा वेळीं कांहीं युक्त्या उपयोगी पडतात. कांहीं ट्रेलरांचा दांडा बिजागरीवर बाजूस वळतो, व सुमारें दोन फूट वांचतात. लहान यंत्र सोडवून त्याच्या घोडीवर वेगळें ठेवितां येतें. तें आडवें ठेवावयाचें असल्यास मात्र कारखान्यानें सांगितलेल्याच कुशीवर ठेवावें, नाहींतर तेल नको तेथें शिरतें. मोटारखाना दोन गाड्यांचा, २० फूट चौरस असेल, तर होडी तिरपी उभी करितां येते. अशा चौरसाचा कर्ण सवाअठ्ठावीस फूट भरतो. परंतु होडीला रुंदीही असल्यामुळें तो सगळा हातीं येत नाहीं. ६ फूट रुंदीच्या ट्रेलरला तिरप्या मांडणींत सुमारें २२ फुटांपर्यंत लांबी मिळते. त्याची किंमत ही कीं, दोन्ही गाड्या बाहेर राहतात. उणें वीस अंशांच्या थंडींत रोज सकाळीं गाडीच्या कांचेवरचें बर्फ कोण खरवडणार, हा प्रश्न होडी घेण्यापूर्वींच घरांत विचारून ठेविलेला बरा.

ज्यांना ट्रेलरच नको असेल त्यांच्यासाठीं १२ फुटी होडी आहे. तिचें वजन बहुधा १२० ते १५० पौंड, म्हणजे ५५ ते ७० किलो, असतें. दोन माणसें ती उचलून भिंतीलगत कुशीवर उभी ठेवूं शकतात, व ती दोन-अडीच फुटांहून अधिक जागा अडवीत नाहीं. छताला टांगण्याचा मोह मात्र जपून करावा. छताच्या लांकडी कैंच्या वरचें बर्फ पेलण्यासाठीं केलेल्या असतात. खालून लोंबणारें ओझें पेलण्याचा हिशेब त्यांत धरलेला असेलच असें नाहीं.

लांबीनंतर आकाराचा प्रश्न येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या लहान होड्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला सपाट तळाचा व चौकोनी तोंडाचा. त्यास तिकडे ‘जॉन’ होडी म्हणतात. ती उथळ पाण्यांत वेतभर खोलीवरही तरते, उभें राहिलें तरी स्थिर वाटते, व तिचें वजन थोडें असतें. ती दोन आंकड्यांनीं ओळखली जाते. ‘१४३६’ म्हणजे लांबी १४ फूट व तळाची रुंदी ३६ इंच. येथें एक फसगत संभवते. ३६ इंच ही तळाची रुंदी आहे. वरच्या कांठापाशीं तीच होडी त्याहून बरीच रुंद असते, आणि दारांतून जावयाचा असतो तो कांठ. दुसरा प्रकार नाळेशीं निमुळता व तळाशीं पाचरीसारखा असतो. ही होडी लाटेला चिरीत जाते, तिचे कांठ उंच असतात, व ती अंगावर पाणी कमी उडविते. परंतु तिला थोडें अधिक खोल पाणी व अधिक शक्तीचें यंत्र लागतें.

ह्यांतील कोणती घ्यावी हें पाण्यावर अवलंबून आहे. झाडीनें वेढलेलें लहान तळें किंवा संथ नदी असेल तर सपाट होडी पुरेशी व स्वस्तही. पण मिनेसोटांतीलच मिल लॅक्स सरोवराचें उदाहरण घ्यावें. त्याचा विस्तार सुमारें २०० चौरस मैल, आणि सर्वांत खोल जागा अवघी ४० फुटांच्या आसपास. एवढ्या उघड्या व उथळ पाण्यावर वारा सुटला कीं लाटा उंच होण्यापेक्षां आंखूड व उभ्या होतात, व एकीमागून एक झपाट्यानें येतात. सकाळीं आरशासारखें असलेलें पाणी दुपारीं असें होतें, आणि किनारा तीन मैलांवर असतो. तेथें सपाट होडीचें चौकोनी तोंड प्रत्येक लाटेवर आदळतें व पाणी आंत घेतें. अशा सरोवरावर पाचरी तळाची, उंच कांठाचीच होडी पाहिजे. आणि वाऱ्याचें भाकीत वाईट असेल त्या दिवशीं तीही घरींच पाहिजे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोटारखान्याचें माप चुकलें तर पैसा व शांति जाते. माणसांचें माप चुकलें तर माणसें जातात. अमेरिकेंत १९७१ सालीं नौकासुरक्षेचा कायदा झाला, आणि तेव्हांपासून, १९७२ च्या नोव्हेंबरनंतर बांधलेल्या वीस फुटांहून लहान अशा बहुतेक यांत्रिक होड्यांवर एक पट्टी ठोकलेली असते. त्या पट्टीवर माणसें किती, त्यांचें वजन किती, माणसें-यंत्र-सामान मिळून वजन किती, व यंत्राची अश्वशक्ति जास्तींत जास्त किती, हें लिहिलेलें असतें. ही पट्टी विक्रेत्याच्या बोलण्याहून अधिक विश्वासार्ह.

एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. बाप १८० पौंड, आई १५०, मोठा मुलगा ९०, धाकटी मुलगी ६०, एकूण ४८०. दहा अश्वशक्तीचें यंत्र ९०, तेलाची भरलेली टाकी ४५, विजेचा संचय करणारी बॅटरी ५०, नांगर, गळ, जेवणाचा डबा व इतर सामान ५०. सर्व मिळून ७१५ पौंड. समजा, बारा फुटी होडीच्या पट्टीवर तीन माणसें व एकंदर ६०० पौंड असें लिहिलें आहे, आणि चौदा फुटीच्या पट्टीवर चार माणसें, ५७५ पौंड, व एकंदर ८०० पौंड. मग बारा फुटी होडी कितीही सुबक व स्वस्त असली तरी ती ह्या कुटुंबाची नव्हे. ‘मुलें काय, लहानच आहेत’ हें उत्तर चालत नाहीं. कारण मुलें दरवर्षीं वाढतात, पट्टीवरचा आंकडा वाढत नाहीं. शिवाय तो आंकडा शांत पाण्यासाठीं आहे; लाटा असतील तर ओझें त्याहूनही कमी ठेवावें.

होडीच्या आसनांखालीं तरंगणारा फेस भरलेला असतो, त्याचेंही महत्त्व येथेंच. १९७८ सालच्या नियमांपासून अशा लहान यांत्रिक होड्या पाण्यानें भरल्या तरी उलट्या न होतां सपाट तरंगत राहाव्या, अशी त्यांची रचना असावी लागते, म्हणजे माणसांस धरून राहण्यास आधार मिळतो. पुष्कळ हौशी लोक ऐसपैस जागेसाठीं मधलें आसन कापून काढितात व वर लांकडी तक्तपोशी करितात. असें करण्यानें होडीच्या दोन्ही बाजूंना बांधून धरणारी तुळई जाते, फेस जातो, आणि उंच तक्तपोशीमुळें होडी डगमगूं लागते. जागा वाढली असें वाटतें. वस्तुतः जीवाचा आधार कमी झालेला असतो. अशी ‘सुधारलेली’ जुनी होडी स्वस्तांत मिळाली तरी सोडून द्यावी.

जुनी होडी घेण्यांत एरवीं कमीपणा नाहीं, कारण हा धातु दीर्घायुषी आहे. पत्रे रिवेटांनीं जोडलेले असोत वा वितळवून सांधलेले असोत, दोन्ही पद्धति चांगल्या. रिवेटांची होडी हलकी असते. वर्षानुवर्षांच्या दणक्यांनीं एखादा रिवेट सैल होतो, पण तो पुन्हा ठोकून बसवितां येतो. सांधलेल्या होडीस बहुधा जाड पत्रा लागतो. ती खडकाला अधिक दाद देत नाहीं, परंतु वजनदार असते, व सांध्याला चीर गेली तर कसबी कारागीरच लागतो. परीक्षा सोपी आहे. होडी ट्रेलरवर असतांना तळाशीं चार बोटें पाणी ओतावें आणि खालून पाहावें. पाणी जेथून टिपकेल तेथें दोष. मग यंत्र जिला लटकतें ती पिछाडीची फळी पाहावी. पत्र्याच्या आंत तेथें लांकूड असतें व तें कुजलेलें बाहेरून दिसत नाहीं. यंत्राचा खालचा भाग धरून वरखालीं हलवावा. फळी लवली किंवा ठोकल्यावर भद्द आवाज आला तर समजावें कीं लांकूड गेलें. फळीची उंची १५ इंच आहे कीं २० इंच, हेंही मोजावें; कारण यंत्राचा दांडा त्याच मापाचा हवा. शेवटीं होडीचें वजन अपेक्षेहून जास्त वाटलें, तर आंतील फेसानें पाणी प्यालेलें असण्याचा संभव असतो.

मोटारखान्यांत ठेवितांना दोन शत्रूंपासून जपावें. एक तांबें. दोन भिन्न धातु ओलाव्यांत एकमेकांस लागले कीं त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो व हलक्या दर्जाचा धातु झिजतो. १८९५ सालीं शर्यतीसाठीं बांधलेल्या ‘डिफेंडर’ नांवाच्या प्रसिद्ध नौकेचा खालचा भाग कांशाचा, वरचा अ‍ॅल्युमिनियमचा व फासळ्या पोलादाच्या होत्या. तिनें शर्यत जिंकली. पण खाऱ्या पाण्यांत तिचें अंग असें खाल्लें गेलें कीं १९०१ सालीं ती मोडावी लागली. तळाशीं पडून राहिलेलें तांब्याचें नाणें, पितळेचा स्क्रू, किंवा तांब्याचे क्षार पाजलेलें लांकूड हें लहान होडीसही तसेंच खातें. दुसरा शत्रु पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते, आणि पाण्याच्या बंबाखालीं लहानशी ज्योत तेवत असेल तर तेथपर्यंत पोंचते. म्हणून टाकी घट्ट बंद करून घराबाहेर, हवेशीर जागीं ठेवावी. बॅटरीही जेथें वारा खेळतो तेथेंच भारावी.

पाण्यावर जातांना मात्र एकच वस्तु अशी आहे कीं जी मोटारखान्यांत जागा अडवीत नाहीं व तरीही पुष्कळदां घरीं राहते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत पुन्हा पुन्हा दिसून येतें कीं, नौकाविहारांत मरणाऱ्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश लोक बुडून मरतात, व त्या बुडालेल्यांपैकीं शंभरांत पंच्याऐंशीच्या आसपास लोकांच्या अंगांत तरंगणारें जाकीट नसतें. जाकीट होडींत असतें, अंगावर नसतें. मे महिन्यांत नुकतें वितळलेलें पाणी इतकें थंड असतें कीं पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्याच वेळांत आखडतात. त्या वेळीं होडीच्या कोपऱ्यांतील जाकीट शोधावयास सवड मिळत नाहीं.

तेव्हां सूचिपत्रांतील सर्वांत देखणी होडी ती सर्वांत चांगली नव्हे. जी कुटुंबाचें ओझें पट्टीच्या आंत वाहते, ज्या पाण्यावर जावयाचें त्या पाण्याच्या लाटेला पुरते, आणि संध्याकाळीं घरीं आल्यावर जिच्यामागें दार मिटतें, ती चांगली. वर मांडलेल्या कुटुंबासाठीं हीं तिन्ही मापें चौदा फुटांपाशीं एकत्र येतात. सोळा फुटी होडीचा मोह सोडतांना बापाच्या मनास थोडी रुखरुख लागेल; परंतु पुढच्या वसंतांत बर्फ फुटेल तेव्हां ती कोरडी, निकोप होडी हातभर ओढली कीं बाहेर येईल, आणि जी सहज बाहेर निघते तीच होडी वारंवार पाण्यावर जाते.